खिडकीजवळचा तिसरा बाक

ऑनलाइन वर्गात बाक नसतात, हे सबनीस काकांना मान्यच नव्हतं.

संगणकाची भाषा शिकवणारा आमचा वर्ग दर रविवारी सकाळी दहाला मोबाइलवर भरायचा. सर खराडीच्या एका कंपनीत नोकरीला, मुलं कुठकुठली. नारायण पेठेतले सबनीस काका बहात्तर वर्षांचे, छापखान्यातून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते पावणेदहालाच येऊन बसत. पडद्यावरच्या आमच्या चौकटी दर वेळी जागा बदलत, हे त्यांना बेशिस्तीचं वाटे. शेवटी त्यांनी आखीव कागदावर एकोणीस बाक काढले, प्रत्येकावर नाव घातलं आणि फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवला. खाली सूचना : "आपापल्या जागी बसावे. कुरबुर चालणार नाही."

"काका, मी शेवटच्या बाकावर का?" एका मुलाने विचारलं.

"आपण वर्गात पोहे खाता. पुढे बसलात तर सरांना द्यावे लागतील."

एकदा कोणाच्या तरी घरी कुकर शिट्ट्या देत होता. काका सरांना थांबवून म्हणाले, "अहो वैशालीताई, तिसरी झाली. बंद करून या, आम्ही थांबतो." आणि सगळे खरंच थांबले.

मला खिडकीजवळचा तिसरा बाक होता. "जो बोलत नाही त्याला बाहेर बघायला तरी हवं," असं काकांचं म्हणणं. मी लोणी काळभोरची, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. कॅमेरा कधी लावला नाही. मागे कपड्यांची दोरी होती, आणि खरं म्हणजे भीतीही होती. इतरांना एकदा सांगून कळायचं ते मला तीनदा ऐकूनही कळत नसे. "कोण हाय गं तिथं आपलं?" वडील विचारायचे.

एका रविवारी मी वर्गात गेलेच नाही. पुढच्या रविवारीही नाही. कोणाला कळणार होतं?

सोमवारी फोन आला. "नमस्कार. सबनीस, पहिला बाक. आपली खिडकी दोन आठवडे उघडीच आहे."

"काका, मला काही समजत नाही."

"मलाही नाही. म्हणून मी घरी बसलो का? शनिवारी चारला फोन करा. चुकायचंच आहे तर दोघं मिळून चुकू."

त्यानंतर दर शनिवारी आम्ही मिळून चुकत होतो. हळूहळू चुका कमी झाल्या. निदान माझ्या.

मग एका रविवारी काकाच आले नाहीत. सरांनी शिकवायला सुरुवात केली. मी बराच वेळ वाट पाहिली, कॅमेरा लावला आणि म्हटलं, "सर, पहिला बाक रिकामा आहे." वर्गात मी बोललेलं ते पहिलं वाक्य. सगळ्यांनी फोन करून पाहिला, लागेना. काकांचा पत्ता शनिवारच्या फोनवर कधीतरी कळला होता. मी चप्पल घातली.

"कुठं निघालीस?" वडील म्हणाले.

"वर्गात."

नारायण पेठेत काकांनी दार उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट. "फोन बादलीत पडला," ते म्हणाले. "त्याला पोहता येत नाही. आपण कशा काय?"

"तुम्ही आला नाहीत म्हणून बघायला आले."

टेबलावर बाकांचा कागद होता, ते त्याच्या कडेला बोट फिरवत राहिले.

"एकोणिसाव्या वर्षी मी कॉलेज सोडलं," ते म्हणाले. "नंतर आठवडाभर सुटायच्या वेळी फाटकासमोर उभा राहायचो. म्हटलं, कोणीतरी विचारेल, का रे, दिसत नाहीस? सगळे नमस्कार करून गेले. विचारलं नाही कोणी."

मी माझा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. गटावर सतरा जणांचे निरोप होते. शेवटच्या बाकाचा, कुकरवाल्या वैशालीताईंचा, सगळ्यांचे : पहिला बाक कुठे आहे? बरे आहेत ना?

काकांनी एकेक निरोप सावकाश वाचला.

"तास चालू असताना लिहीत बसले," ते म्हणाले. "काडीची शिस्त नाही."

आणि चष्मा पुसायला आत गेले. बराच वेळ पुसत होते.