माहितीदार क्रमांक एक

बडोद्यातल्या आमच्या तरसालीच्या सोसायटीत बोलता बोलता तळटिपा देणारा माणूस एकच, शिर्केसर. "वहिनी, आज मोठी मोटर बंद आहे," म्हणतील आणि घसा खाकरून पुढे, "तळटीप. माहिती वॉचमनकडून." काय म्हणायचं या माणसाला!

सर इतिहासाचे प्राध्यापक. बडोद्यातल्या मराठी घरांचा स्वयंपाक गुजराती शेजाराने कसा बदलला, यावर त्यांचा प्रबंध. "परीक्षकांशिवाय कुणी वाचला नाही, आणि त्यांचीही मला खात्री नाही," असं स्वतःच म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांच्या डोक्यात पॉडकास्टचं खूळ शिरलं. आपलं संशोधन पार पादरा गावातल्या भाजीवाल्यापर्यंत पोचलं पाहिजे, बस!

रेकॉर्डिंग आमच्या आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारी. फोन धरायला मी.

खोटं कशाला बोलू, सर रंगले की ऐकत राहावं. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, या रिवाजातून आमच्या आमटीत गूळ कसा वाढला, ते सांगायला लागले की मला आमचं प्रतापनगरचं रेल्वे क्वार्टर आठवायचं. शेजारच्या गुजराती मासींचा गरम हांडवा, त्या वाटीतून परत जाणारं आईचं पिठलं. गेले ते दिवस! माझे डोळे भरून यायचे आणि तेवढ्यात सर गरजायचे, "तळटीप सुरू. माहितीदार क्रमांक एक. मुलाखत, स्वयंपाकघर. तळटीप समाप्त."

झालं! ऐकणारे तिथेच पळायचे. माझी बहीणसुद्धा म्हणाली, "मजा येते गं, पण ते मधलं काढ ने!"

मी सरांना तसं सांगितलं, तर ते ताडकन उठले. "तळटिपा काढणार असाल तर बंद करू पॉडकास्ट."

"अहो, पण दर वेळी तोच क्रमांक एक! आहे तरी कोण हा शहाणा?"

सर पुन्हा खाली बसले. "सुमती," म्हणाले.

सुमतीकाकू म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेल्या.

"सगळं तिनेच सांगितलेलं, वहिनी. पण आमचे मार्गदर्शक म्हणाले, घरच्या बाईचा पुरावा बरा दिसत नाही, नाव नको. म्हणून क्रमांक दिला. ती हसली नुसती. म्हणाली, पहिला तरी दिलात ना!"

"मग आता घ्या की नाव," मी म्हटलं. "इथे कोण मार्गदर्शक बसलाय?"

फोन चालूच होता. सर त्याच्याजवळ सरकले. "ही सगळी माहिती सुमती शिर्के यांची," एवढं म्हणून थांबले. मग नुसतंच, स्वयंपाकघरात हाक मारावी तसं, "सुमती."

"काय झालं, सर?"

"काही नाही. हे नाव मोठ्याने घेतलंच नव्हतं इतक्यात. घरात हाक मारायला कुणी नाही ना."