मास्तरांनी लावलेलं अस्तर

“या बाईंना साधी टेप धरता येत नाही,” मास्तर लेकीच्या कानाशी पुटपुटले. “शून्य कुठंय, मापतायत कुठून!”

“बाबा, हळू. त्या तपासनीस आहेत.”

“मग मी कोण आहे?”

मास्तर शिंपी होते. अर्ध्या वस्तीच्या छात्या-कमरा त्यांना तोंडपाठ. आज मात्र ते बायकोची पिशवी सांभाळत उभे होते. या वयात ती पहिल्यांदाच वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरली होती, आणि पट्टा, कॉस्च्युम, मोजे असं सगळं नियमात बसल्याशिवाय मंचावर पाऊल ठेवायची सोय नव्हती.

तपासनीस बाईंनी पट्टा उलटा केला. आत लालचुटूक मखमल, तिच्याखाली मऊ गादी.

“हे काय?”

“अस्तर,” मास्तरांनी मान ताठ केली. “कमरेला काचू नये म्हणून.”

“पट्ट्याला गादी चालत नाही. काढा.”

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून घातलेले टाके त्यांनी खिशातल्या कात्रीने स्वतःच्या हातांनी उसवले. मखमल खिशात कोंबली. तोवर बाई कॉस्च्युमपर्यंत पोचल्या होत्या.

“पाठीला दुहेरी कापड? एकपदरीच हवं.”

“अहो, एकपदरी कापड पाठीला काय आधार देणार?”

“आधार मिळू नये म्हणूनच तर नियम आहे!”

“वा रे नियम!” मास्तरांनी कात्री अशी काही चालवली की जोडलेल्या कापडाबरोबर मूळ कापडही वीतभर फाटलं.

“बाबा! फाटक्या कॉस्च्युममध्ये आईला उभं करतील का?”

वेळ होत आली होती. बायको टी-शर्टवर तो कॉस्च्युम चढवून आली. मास्तरांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि अंगावरच टाके घालायला घेतले.

“टी-शर्टसकट शिवू नका म्हणजे मिळवलं,” ती म्हणाली.

“तू हलू नकोस. नाहीतर सुई टोचण्याविरुद्धही नियम निघायचा इथे!”

बाईंनी नाक मुरडत शिक्का दिला.

संधी तीन. जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं आणि पंचांनी ‘डाउन’ म्हटल्यावरच खाली ठेवायचा. पहिल्या संधीला बायको झोकात ताठ झाली. मास्तरांना मात्र धीर धरवेना.

“ठेव! ठेव आता!”

तिने ठेवला. पंचांचे दिवे लाल झाले.

“लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हिने माझं ऐकलं,” मास्तर कडाडले, “आणि तेवढ्यासाठी बाद?”

दुसऱ्या वेळी लेकीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तोंड बंद राहिलं, पण मास्तरांचा हात आपोआप ‘खाली, खाली’ करू लागला. पंचही तशीच खूण करतात. बायकोला तीच दिसली. पुन्हा लाल.

“आता माझे हातपण बांधा!”

“पाठ फिरवा बाबा. ही शेवटची. हीसुद्धा गेली तर सगळं संपलं.”

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे बारवरच्या वजनाच्या चकत्या किणकिणल्या. मग सगळं शांत. ती शांतता काही संपेना. मागच्या वर्षी कंबर धरली तेव्हा ही कित्येक महिने अंथरुणाला खिळली होती. मग डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, व्यायामातून हा नाद लागला. बारवरचं वजन वाढत गेलं, पण त्या दिवसांचं नाव घरात कोणी काढलं नाही.

“डाउन!”

धाडकन आवाज झाला.

“बाबा, पांढरे! तिन्ही दिवे पांढरे!”

बायको घामाने निथळत आली. तळहात खडूच्या पुडीने पांढरेफटक.

“पाहिलंत?”

“नाही.”

“का?”

“त्या बाईंच्या नादात टाके वाकडे पडले. बघवेना.”

“अहो.”

मास्तरांचा हात खिशात मखमल चुरगाळत होता.

“भीती वाटते गं मला,” ते म्हणाले. “परत तशी झोपून राहिलीस तर?”

लेक बुटांच्या नाड्यांकडे बघू लागली. बायकोने त्यांच्या खिशातून मखमल काढून घेतली आणि तिलाच तळहात पुसले.

“मग तसं बोलायचं ना,” ती म्हणाली. “अस्तर कशाला लावत बसलात?”