आधी अंतर, मग नाव

भालेराव सर कोणाचीही ओळख करून देताना आधी त्या माणसाचं अंतर सांगत, मग नाव. "हे माझे नियर. क्लोज नाहीत. कर्णिक." माझ्या वडिलांची ओळख त्यांनी अशी करून दिली तेव्हा समोर सरांच्या शाळेचे नवे मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी पुढे केलेला हात अर्ध्यावरच थांबला. नियर माणसाशी हात मिळवतात की नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

सर गेल्याचं मला परवा कळलं. तेव्हापासून थोडं थोडं लिहिते आहे. त्यांच्याबद्दल घाईनं लिहिणं बरं नव्हे. शब्द सैल सोडलेला त्यांना चालत नसे.

भिवंडीत आमची दोन मजली इमारत होती. पुढे रस्ता, मागे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. ऐंशीच्या सुमारास आम्ही तिथे राहायला गेलो आणि वर्षभरातच सर आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत आले. उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. एका मराठी शाळेत ते इंग्रजी शिकवत. घरी एकटेच. सकाळी स्टोव्हवर स्वतःची भाजी-भाकरी करत, बुद्धाच्या तसबिरीपुढे दोन मिनिटं उभे राहत आणि मग खांद्यावर बसलेली कापसाची तुसं झटकत शाळेला निघत. चार पावलांवर नवी तुसं बसत. सर पुन्हा झटकत. शाळेपर्यंत हे चाले.

त्यांचा सगळा जीव इंग्रजीतल्या जवळिकीच्या शब्दांत होता. "मराठीत 'जवळ' म्हटलं की सगळं एका पिशवीत," ते म्हणत. "बटाटेही जवळ, बायकोही जवळ. इंग्रज मनानं कोरडा, पण पिशव्या वेगवेगळ्या ठेवतो."

या पिशव्या मला अजून पाठ आहेत. चालत जाता येतं ते नियरबाय. म्हणून राहनाळ नियरबाय. पडघा नाही, कारण एस.टी. लागली की नियरबाय संपलं. नेक्स्ट टू म्हणजे रांग. रेशनच्या दुकानात कोणीही कोणाच्याही नेक्स्ट टू असतो, त्यात मायेचा काही संबंध नाही. बिसाइड म्हणजे बाजूला, पण आपण होऊन आलेला. फमिलियर म्हणजे तोंडओळख. इंटिमेट हा शब्द मात्र ते वर्गात फळ्यावर लिहून लगेच पुसत आणि म्हणत, "हा वापरायचा नसतो. ओळखून असायचं."

खरा घोळ नियर आणि क्लोजचा. वर्गात एका मुलानं 'ही इज माय नियर फ्रेंड' असं वाक्य केलं. सर त्याच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले.

"मित्र आहे ना?"

"हो सर."

"मग मधे काय आहे? गटार? रस्ता? लूम?"

"काही नाही सर. आम्ही एकाच बाकावर बसतो."

"मग क्लोज म्हण. ज्याच्या आणि आपल्या मधलं काहीतरी मोजता येतं, तो नियर. मोजायला जावं आणि मोजण्यासारखं काही सापडू नये, तो क्लोज."

नातेवाइकांचंही तेच. "नियर रिलेटिव्ह म्हणजे वंशावळीत जवळचा," सर सांगत. "तो क्लोज असतोच असं नाही. बहुतेक नसतोच. अनुभव घ्या."

एकदा खालच्या मजल्यावरच्या एकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीत छापली. 'ऑल अवर नियर अँड डिअर' यांना आमंत्रण होतं. सर इस्त्रीचे कपडे घालून मंडपाच्या दारात पोचले आणि वधूपित्याला अत्यंत गंभीरपणे विचारते झाले, "नियरची पंगत कुठली आणि डिअरची कुठली? मी पहिल्या पंगतीतला. चुकून दुसरीत बसायला नको." वधूपिता आधीच घामाघूम. त्यांनी सरांना सरळ नवरदेवाच्या पाहुण्यांत बसवून टाकलं. सर तिथे जेवले, पण घरी आल्यावर म्हणाले, "जेवण उत्तम. वर्गीकरण चुकलं."

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. ती रहीमचाचांची. ते सरांना मुद्दाम डिवचत. "सर, अपना रिश्ता क्या हुआ?"

"नियरबाय, चाचा. इधर से आवाज दी तो उधर सुनाई दे, इतना."

"इधर किसको आवाज सुनाई देती है, सर? लूम चालू है!"

सरांनी यावर दोन दिवस विचार केला आणि चाचांना फमिलियरमध्ये टाकलं. चाचांना ती बढती वाटली. त्यांनी त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता माझ्या वडिलांविषयी. बाबा कचेरीत कारकून होते. साधे, गप्पिष्ट, लोकांना आवडावं असं वाटणारे. त्यांना आयुष्यात फार काही नको होतं. पण सरांनी आपल्याला एकदा क्लोज म्हणावं, हे त्यांना फार हवं होतं. सुरुवातीला ती थट्टा होती. पुढे पुढे राहिली नाही.

शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी आमच्याकडे माणसं साध्या आवाजात बोलत; एरवी सगळं गाव ओरडून बोलायचं. शुक्रवारी संध्याकाळी बाबा आणि सर गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसत. आई चहा देई. बोलणं कशाचंही निघे: कचेरी, शाळा, नळाला येणारं पाणी. आणि बाबा कधीतरी हळूच विषय काढत.

"सर, दहा वर्षं झाली की हो आता."

"झाली."

"रोजचं बोलणं, रोजचं बसणं. तुमच्या ऑपरेशनला मी होतो. माझ्या बदलीच्या भानगडीत तुम्ही होतात."

"होतो."

"मग?"

"मधे भिंत आहे, कर्णिक," सर शांतपणे म्हणत. "नऊ इंचाची. मोजता येते."

बाबा आत येऊन चहाचा कप आपटून ठेवत. आई म्हणे, "अहो, कशाला त्या एका शब्दासाठी जीव टाकता? रोज चहा पितात ना आपल्याकडे?"

"चहा नियरवालाही पितो," बाबा म्हणत. या वादात तेही सरांचंच इंग्रजी बोलू लागले होते, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

त्यांनी प्रयत्नही केले. दिवाळीचा फराळ पाठवला. सरांनी डबा धुऊन परत दिला आणि आत गूळ ठेवला, म्हणजे हिशेब पुरा. सर तापानं पडले तेव्हा बाबा रात्री त्यांच्या खोलीत झोपले. सकाळी ताप उतरला. सरांनी डोळे उघडले, उशाशी बाबांना पाहिलं आणि म्हणाले, "बिसाइड." बाबा तेवढ्यावर आठवडाभर खूश होते. शाळेतल्या एका लिपिकाला सर सहज 'माय क्लोज असोसिएट' म्हणाले, असं कोणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबा दोन शुक्रवार गॅलरीत बसलेच नाहीत. शेवटी सरच दारात आले. "तो नुसता शाळेच्या कामाचा शब्द आहे, कर्णिक. खुर्च्या बाहेर काढा."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबांचं हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली, कचेरी सुटली. सर शुक्रवारची वाट बघेनासे झाले. शाळा सुटली की थेट आमच्याकडे येत आणि लूमच्या आवाजात बाबांना वर्तमानपत्र ओरडून वाचून दाखवत. अग्रलेखसुद्धा ओरडूनच. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, "सर, भाव वाढले ते कळलं, जरा हळू!"

अशाच एका संध्याकाळी बाबांनी पेपर हातानं खाली केला. मी शेजारी औषधं लावत होते.

"सर, आता तरी?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. "नियरच," ते म्हणाले. मग बाबांच्या कानाशी वाकले. मला ऐकू आलं, कारण मी अगदी जवळ होते. "तुमच्या भल्यासाठी सांगतो. आईला म्हटलं, बायकोला म्हटलं. ज्यांना क्लोज म्हटलं, ती माणसं माझी टिकली नाहीत."

कशालाही न घाबरणारा, भूतखेत, शकुन-अपशकुन यांच्याविरुद्ध वर्गात तास घेणारा हा माणूस. बाबांनी खाली केलेला पेपर पुन्हा वर उचलला. मग म्हणाले, "वाचा पुढे." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पण त्यांना तो शब्द नको झाला होता असं नाही. एकदा आईला म्हणाले, "नाहीच म्हणणार तो. कळतं गं. तरी वाटतं."

त्या वर्षाच्या शेवटाला बाबा गेले.

सकाळी सगळं आटोपून माणसं परतली. आमच्यात मरण झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भात करून आणतात आणि घरच्यांनी तो खायचा असतो. इमारतीत हा रिवाज सगळ्यांच्या अंगवळणी होता. समोरच्या मोरेवहिनी पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या, आणखी कोणी भात आणला. आई, मी, माझा भाऊ आणि कल्याणहून आलेली आत्या, आम्ही भिंतीला टेकून ताटांपुढे बसलो.

तेवढ्यात सर आले. हातात काही नव्हतं. ना डबा, ना पातेलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि आमच्या ओळीत, माझ्या भावाच्या पलीकडे, मांडी घालून खाली बसले.

पिशव्या वेगवेगळ्या ठेवणारा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट चुकला. मोरेवहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. आत्या आईच्या कानाला लागली. पण मागे लूम चालू होते आणि तिला भिवंडीची सवय नव्हती, त्यामुळे कुजबुज करायची ती तिला ओरडून करावी लागली.

"अगं, शेजाऱ्यांनी आणून द्यायचं असतं! हे जेवायला कसे बसले?"

तिच्या चेहऱ्यावर आणखीही काही प्रश्न होते. आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते तिनं गिळले.

सरांनी ऐकलं होतंच. ते उठले नाहीत. इतकी वर्षं त्यांचं मराठी आम्ही ऐकलं, फळ्यावर लिहावं तसं स्वच्छ. त्या दिवशी ते आईकडे बघून पडघ्याकडच्या त्यांच्या गावातलं बोलले.

"माज्या बी घरात आज चूल न्हाय पेटली, वहिनी."

आई सरकली. तिच्या सरकण्यानं आम्ही सगळेच थोडे थोडे सरकलो आणि ओळीत नीट जागा झाली. मोरेवहिनींनी पातेलं खाली ठेवलं आणि आणखी एक ताट आणायला त्या आपल्या घरी गेल्या.