डॉट कॉमची सोयरीक

अल्लाहने आदमला सगळ्यांत आधी नावं शिकवली. ती नावं वर्षाच्या बोलीवर भाड्याने देण्याची सोय मात्र माणसाने पुढे स्वतःच्या अकलेने केली, आणि ती इतकी चोख केली की आता एखाद्या शब्दाचा अर्थ काय हे विचारण्याआधी तो शब्द कोणाचा हे विचारावं लागतं.

वेबसाइटसाठी घ्यायच्या नावांत उंची नाव कुठलं, याचे तीन निकष जाणकारांनी घालून दिले आहेत. ते आखूड असावं, ऐकताच लक्षात राहावं, आणि दुसऱ्याकडे असावं. तिसरा निकष मुख्य. पहिल्या दोहोंत बसणारं पण कोणाकडेच नसलेलं नाव साधं समजतात आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

जॉर्डनमधल्या करकच्या दक्षिणेला आमचं गाव आहे. तिथे असं उंची नाव एकच निघालं : आधी गावाचं नाव, त्याला लागून जमीद, शेवटी डॉट कॉम. जमीद म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या ताकाचा, उन्हात दगडासारखा सुकवलेला गोळा. तो विरघळवून त्यात मांस शिजवल्याशिवाय मनसफ होत नाही, आणि मनसफ झाल्याशिवाय लग्न, मयत, निवडणूक यांतलं काहीही पार पडलं असं आमच्याकडे धरत नाहीत.

हे नाव मुहन्नदकडे होतं. मुहन्नद माझ्या शेजारणीचा, उम्म मुहन्नदचा मुलगा. मोबाइल दुरुस्त करतो. कॉलेजात असताना चार फलाफलच्या पैशांत त्याने ते घेतलं आणि दरसाल न चुकता त्याचं भाडं भरत राहिला. गाव त्याला हसलं. (हसण्याबद्दल गावाने त्याच्याकडून कधी काही आकारलं नाही.) मग अम्मानच्या एका दलालाने त्या नावाची बोली लावली, आणि हिशेब केला तेव्हा ती दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर एवढी भरली. शुरूकच्या वडिलांची, अबू लैसांची, लग्नाआधी घर बांधण्याची अटही नेमकी तेवढीच होती. त्या अटीपायी शुरूक आणि मुहन्नद चार वर्षं साखरपुडा करून बसले होते.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण हाजी तायिल यांनाही तेच नाव हवं झालं.

हाजी तायिल हे आमच्या भागातले सर्वांत मोठे जमीदवाले. त्यांच्या दुकानावर पाटीसुद्धा नाही. वाऱ्याने उडाली ती परत लावली नाही, कारण दुकान कुठलं हे मेंढ्यांनाही माहीत आहे. मात्र त्यांचा मुलगा दुबईला शिबिर करून आला आणि म्हणाला की त्या नावावाचून धंदा दोन वर्षांत बसणार. (शिबिराला आलेल्यांपैकी शंभर टक्के लोकांचा धंदा दोन वर्षांत बसणार असतो. शिबिरवाल्यांचा सोडून.) हाजींनी मुहन्नदला बोलावून घेतलं. त्याने दलालाची बोली सांगितली.

"नावाचे पैसे?" हाजी म्हणाले. "अरे, तुझा बाप गेला तेव्हा मनसफ कोणाच्या जमीदचं झालं? मी पावती फाडली होती?"

"काका, दलाल रविवारी पैसे घेऊन येतोय."

"तो परका. परक्याशी खुशाल भाव कर. घरच्या माणसाशी कोणी भाव करतं का?"

मुद्दा बिनतोड होता. परक्याने द्यायचे ते पैसे आणि घरच्याने द्यायचा तो मान, अशी आमच्याकडे दोन चलनं आहेत. ती एकमेकांत बदलून मिळत नाहीत.

तेव्हा गुरुवारी, असरच्या म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, उम्म मुहन्नदच्या अंगणात जाहा आली. जाहा म्हणजे मानाच्या माणसांनी जथ्याने जाऊन घातलेली मागणी. मुलगी मागायला जातात, रक्ताचं वैर मिटवायला जातात. डॉट कॉमसाठी गेल्याचं पूर्वी ऐकिवात नव्हतं, पण रीत ही सर्वांना सारखी असते हेच तिचं मोठेपण. यजमान कॉफी देतो. आलेल्यांचा म्होरक्या पेला समोर ठेवतो आणि मागणी मान्य होईपर्यंत ओठाला लावत नाही. ज्या घरात पाहुण्याची कॉफी गार झाली, त्या घरची कॉफी पुढच्या तीन पिढ्या गारच समजली जाते. म्हणून जाहा सहसा रिकाम्या हाताने परतत नाही.

कॉफी मी केली होती. माझा गुरुवारचा ऐच्छिक रोजा असल्याने चाखली नाही, पण वेलदोडा बरा पडला असावा. पेले भरत मुहन्नद फिरत होता. त्याला बोलायची मुभा नव्हती. ज्याची वस्तू त्याने बोलू नये हे सभ्यतेचं लक्षण आहे. त्याच्या वतीने मामा बोलणार होता : खलफ, लष्करातून निवृत्त, शिध्याच्या कोठारात तीस वर्षं, एक दाणाही इकडचा तिकडे न केलेला.

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतो. उम्म मुहन्नदने भावाला सकाळीच बजावलं होतं, "खलफ, तोंडातून पहिला आकडा दहापट काढ. मग सगळ्यांच्या मानासाठी उतरवत जावा लागतो. रीतच आहे ती."

"या वयात मला खोटं बोलायला लावतेस?" खलफ म्हणाला होता.

शेख दैफल्लाह उभे राहिले. अल्लाहची स्तुती झाली, पैगंबरांवर सलाम झाला, दोन्ही घराण्यांच्या पूर्वजांचं स्मरण झालं. मग ते म्हणाले, "आम्ही तुमच्या दारी एक नाव मागायला आलो आहोत. लहान आहे, साधं आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या घरी सुखात राहील." आणि त्यांनी पेला खाली ठेवला. त्यांच्यामागे सगळ्यांनी ठेवले. दुसऱ्या रांगेत अबू लैसही होते, त्यांनीही ठेवला.

खलफ उभा राहिला आणि त्याने दलालाची खरी बोली, दिनाराचा फरक न करता, जशीच्या तशी सांगितली.

"मेला," उम्म मुहन्नद पुटपुटली. "सच्चेपणाने मेला."

"आणि या किमतीतला चौथा हिस्सा," खलफ पुढे म्हणाला, "आम्ही अल्लाहच्या नावाने सोडला."

"न्हाणीघर गेलं," उम्म मुहन्नद म्हणाली.

(अल्लाहला कुठल्याही वेबसाइटची गरज नाही, असं माझं वैयक्तिक मत आहे. जाहेत बायकांचं मत विचारत नाहीत.)

"चौथा हिस्सा पैगंबरांसाठी, त्यांच्यावर सलाम असो."

अंगणातून "सलाम असो" असा गजर झाला. स्वयंपाकघर गेलं.

तेवढ्यात फोन वाजला. शुरूक होती. "मावशी, कुठवर आलं?"

"दोन खोल्या आहेत अजून, बाळा."

"चौथा हिस्सा या जमलेल्या पाहुण्यांच्या मानासाठी!"

"एकच आहे," उम्म मुहन्नदने दुरुस्ती केली.

"मावशी, एकीत भागवू. पडदा लावू मधे. मामांना म्हणावं, आता खाली बसा."

पण शेख दैफल्लाहांचा पेला अजून जमिनीवरच होता आणि शंभर डोळे खलफकडे लागले होते. कोठारातला शेवटचा दाणाही मोजून द्यायची त्याला सवय. "आणि उरलेला," तो म्हणाला, "शेखसाहेबांच्या पांढऱ्या दाढीसाठी. कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं."

सगळ्यांनी कॉफी घेतली. गरम होती, असं नंतर अनेकांनी आवर्जून सांगितलं.

पुढचे आठ दिवस मुहन्नदचा जेवढा मान झाला तेवढा गावात आजवर कोणाचा झाला नसेल. रस्त्यात लोक थांबून त्याचा खांदा थोपटत. दलाल रविवारी आला, त्यालाही कॉफी पाजून परत पाठवलं. शुक्रवारी अबू लैस उम्म मुहन्नदकडे आले आणि म्हणाले, "असा दिलदार जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. पण त्या दोन खोल्यांचं काय?"

शुरूक त्यांच्या मागोमाग आली होती. "बाबा, त्या खोल्या तुम्हीच नाही का प्यालात? एक घोट तुमचाही होता."

"ती रीत होती," अबू लैस म्हणाले. "हा व्यवहार आहे."

मुहन्नद आता सीमेपलीकडे, सौदीतल्या तबूकला आहे, एका दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. न्हाणीघरापुरते पैसे साठायला दोन वर्षं लागतील. शुरूक म्हणते थांबेन. तिचे वडील म्हणतात बघू.

हाजींची वेबसाइट सुरू झाली आहे आणि उत्तम चालते आहे. जमीद पूर्वीचंच आहे, किंमत किलोमागे दीडपट झाली आहे. एवढं उंची नाव घेतलं म्हणजे खर्च निघायला नको का, असं हाजींचा मुलगा विचारतो, आणि गिऱ्हाइकांना ते पटतं. तुम्हीही कधी मनसफ करायचं ठरवलंत तर तिथूनच मागवाल, कारण दुसरं कुठलं नाव तुम्हाला माहीत नाही. पैसे भरताना मुहन्नदबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, याची मला खात्री आहे. त्या दिवशी अंगणातल्या प्रत्येकाला वाटलं होतं. कॉफी पिऊन झाल्यावर.