ऑर्लिनने शिकागोचं नाव घेतलं

"शिकागो," ऑर्लिन झास्ट्रो म्हणाला, आणि चीज कारखान्याच्या जेवणाच्या खोलीतले सगळे चमचे जागच्या जागी थांबले.

फळ्यापाशी मार्कर घेऊन उभा असलेला वेंडेल क्रुगर सावकाश वळला. वेंडेल हा माल चढवायच्या धक्क्यावरचा मुकादम. या पैजेचा चालक, पंच आणि सरन्यायाधीशही तोच.

"पुन्हा सांग."

"शिकागो. रविवारी शिकागो जिंकेल."

"कुणाविरुद्ध, ते ठाऊक आहे ना रे बाबा?"

"ग्रीन बेविरुद्ध. आपल्याविरुद्ध. वेळापत्रक मलाही वाचता येतं."

विस्कॉन्सिनच्या आमच्या भागात माणसाने बायको सोडलेली चालते, चर्च बदललेलं चालतं, लोण्याऐवजी मार्गारीन खाल्लेलंसुद्धा लोक दोन-तीन वर्षांत विसरतात. पण फुटबॉलच्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, ग्रीन बे जिंकली तरच पुढच्या फेरीत जाणार अशा वेळी, भर जेवणाच्या सुट्टीत शिकागोचं नाव घेणं म्हणजे भर मांडवात नवरदेवाच्या आजारपणाची चौकशी करण्यासारखं होतं.

ऑर्लिनचा मात्र नाइलाज होता. पैजेचा नियम साधा. दर आठवड्याला एक टीम निवडायची. ती जिंकली तर तुम्ही टिकलात, हरली तर बाहेर. आणि एकदा निवडलेली टीम त्या हंगामात पुन्हा निवडता येत नाही. त्यामुळे सप्टेंबरात सगळेच शहाणे असतात. जानेवारीपर्यंत चांगल्या टीमा वापरून संपतात आणि हातात गाळ उरतो. साठ माणसांनी सुरू केलेल्या या पैजेत आता दोघंच टिकून होती. एक ऑर्लिन आणि दुसरी पगार विभागातली थोरा लिंडक्विस्ट.

ग्रीन बेचं नाव ऑर्लिनने तिसऱ्याच आठवड्यात वापरून टाकलं होतं. आता त्याच्याकडे उरलेल्या टीमांत शिकागो सोडली तर बाकी सगळ्या लंगड्या. त्यातल्या दोन लंगड्या एकमेकींशीच खेळणार होत्या. पण जी हरेल तिला पुढच्या वर्षी कॉलेजातली पोरं आधी निवडायला मिळणार, म्हणून दोघी हरायला उतावीळ. अशा सामन्याचं भाकीत देवानेही केलं नसतं.

थोराने केलं. त्यातली एक टीम तिने शांतपणे सांगितली होती. "त्यांच्या कोचची नोकरी जायच्या बेतात आहे," ती म्हणाली होती. "मालकाला पुढच्या वर्षाची पडली असेल, पण त्या माणसाला सोमवारची पडलीय. तो जीव तोडून खेळवेल."

आणि बक्षीस? बक्षीस म्हणजे पहिली जागा. कारखान्याच्या दाराला लागून, पत्र्याखाली, गाडी उभी करायची एकमेव जागा, आणि तिथे भिंतीत प्लग. थंडीत गाडीचं इंजिन विजेच्या उबेला लावून ठेवायचं, संध्याकाळी किल्ली फिरवायची की गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागते. जिंकणाऱ्याला ती वर्षभर मिळते. बाकीच्यांनी गाड्या धान्याच्या कोठारापलीकडे लावायच्या आणि उणे वीसमध्ये वाऱ्याच्या थपडा खात चालत यायचं. ऑर्लिनच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्या गुडघ्याने गेली कित्येक वर्षं त्या पत्र्याकडे डोळे लावले होते.

"पण मी ते घडावं असं म्हणतच नाहीये!" ऑर्लिनने चमचा आपटला. "मी फक्त काय घडेल ते सांगतोय. सामना त्यांच्या मैदानात. सरोवरावरचा वारा. शेवटी सगळं एका किकवर येणार, आणि आपला किकर सध्या कोठाराच्या दारासमोर उभा केला तरी दार चुकवेल. भाकीत वेगळं आणि इच्छा वेगळी!"

ऑर्लिनला हा फरक इतरांपेक्षा जास्त कळत होता, कारण तोच त्याचा धंदा होता. कोणती चीजची वडी किती महिन्यांत पिकेल, कोणती बिघडेल, हे तो नुसत्या वासावरून आणि टिचकीवरून सांगत असे. "ही वडी नासणार, असं मी म्हणतो, तेव्हा मी ती नासवतो का?"

"वडीला ऐकू येत नाही," वेंडेल म्हणाला. "आणि तुझं सतरा आठवडे खरं झालंय, ऑर्लिन. आता तुझ्या तोंडून शिकागो निघालं म्हणजे आटोपलंच की!"

म्हणजे तो चुकत असता तर कुणाचीच तक्रार नव्हती. तो बरोबर येतो, हाच गुन्हा.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ऑर्लिन आणि त्याची बायको मार्लिस नेहमीप्रमाणे तळलेले मासे खायला गेले. मार्लिसला अजून काही ठाऊक नव्हतं. वाढणाऱ्या बाईने मार्लिससमोर पर्च माशाचे सोनेरी तुकडे ठेवले, आणि ऑर्लिनसमोर बशी आपटली. तिच्यात एक शेपटी होती.

"हे काय?" ऑर्लिनने विचारलं.

"शिकागोत असंच खातात म्हणे," ती म्हणाली आणि निघून गेली.

"शिकागोचं काय?" मार्लिसने काटा खाली ठेवला.

ऑर्लिनने सांगितलं. गुडघा, पत्रा, प्लग, गाळ, भाकीत, इच्छा, सगळं नीट क्रमाने सांगितलं. मार्लिसने ऐकून घेतलं, आणि मग आपल्या बशीतला जो तुकडा ती त्याला द्यायला निघाली होती, तो परत ओढून घेतला.

"माझे बाबा," ती म्हणाली, "मरताना ग्रीन बेची टोपी घालून मेले."

"मग मी काय केलं? टोपी काढली का त्यांची?"

"आज काढलीस."

शनिवारी बर्फ पडलं. शेजारचा एल्डन ट्रकला पुढे फाळ लावून दर वेळी साऱ्या गल्लीचं बर्फ लोटतो. पैसे घेत नाही, कपभर कॉफी दिली तरी खूश, असा देवमाणूस. त्या दिवशी देवमाणसाने गल्लीतल्या सगळ्या घरांपुढचं बर्फ गोळा केलं आणि मोठ्या प्रेमाने ऑर्लिनच्या दारात आणून ठेवलं.

"एल्डन! हे काय चालवलंयस?"

काच खाली करून एल्डन म्हणाला, "मी टाकत नाहीये रे. मी फक्त भाकीत केलं की बर्फ तुझ्या दारात पडेल. पडलं बघ!" आणि काच वर गेली.

ऑर्लिन फावडं घेऊन दुपारपर्यंत उपसत राहिला. दर फावड्यागणिक त्याचा गुडघा कुरकुरत होता आणि त्याचा निश्चय घट्ट होत होता. तो घरात आला तर फोन वाजत होता. पलीकडे त्याची आई. हिल्डा झास्ट्रो, वय सत्त्याऐंशी, वृद्धाश्रमातल्या पत्त्यांच्या टोळीची म्होरकी.

"खरं आहे का रे?"

"आई, तू तरी ऐकून घे..."

"माझ्या टेबलावर कुणी बसत नाहीये. ग्लॅडिस म्हणाली, तुमच्या घराण्यात असं पहिल्यापासून आहे का?"

"आई, टीव्हीवरचा माणूस उद्या वादळ येणार म्हणतो, तर आपण त्याला मारायला जातो का?"

"मी पत्र लिहिलंय त्याला दोनदा," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रविवारी चर्चमध्ये पास्टरनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, प्रवाशांसाठी केली आणि मग किंचित थांबून "या आठवड्यात ज्यांचा पाय घसरला त्यांच्यासाठी" केली. सगळ्या चर्चने अशा आवाजात आमेन म्हटलं की खिडक्या थरथरल्या. बाहेर पायऱ्यांवर वेंडेल वाट पाहत उभा होता. त्याच्या मागे अर्धा कारखाना.

"बारा वाजेपर्यंत बदलता येतं," वेंडेल हळूच म्हणाला. "दुसरं कुठलंही नाव घे. कुणी काही बोलणार नाही. एल्डन बर्फ परत नेईल."

"दुसरं नाव घेतलं तर मी हरेन."

"पण आपण जिंकू ना!"

"कसे जिंकू? मी फळ्यावर काय लिहितो ते वाचून किकर किक मारणार आहे का?" ऑर्लिनचा आवाज इतका चढला की चर्चच्या कबुतरांनी जागा बदलली. "सतरा आठवडे डोकं वापरलं मी! आणि तुम्ही सगळे, एक धड माणूस नाही तुमच्यात! वेंडेल, तू हंगामभर तेच न धुतलेले मोजे घालतोस!"

"म्हणून तर इथवर आलो!" वेंडेल दुखावून म्हणाला.

ऑर्लिनने नाव बदललं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

घरी मार्लिसने एल्डनला आणि आणखी चार-पाच जणांना सामना बघायला बोलावलं होतं. तिने ऑर्लिनच्या हातात कॉफीचा थर्मास दिला आणि गॅरेजचं दार दाखवलं. "तू तिकडे बस. घरात नको. आमच्या भावनांचा प्रश्न आहे."

तर अशा रीतीने, स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या ट्रकमध्ये, गुडघ्यावर घोंगडी घेऊन ऑर्लिनने रेडिओवर सामना ऐकला. आणि सामना त्याने सांगितला होता तसाच, ओळीने, आज्ञाधारकपणे घडत गेला. वारा सुटला. आपल्या पोरांच्या हातून चेंडू निसटला. शिकागो पुढे गेली, आपण गाठलं, पुन्हा शिकागो पुढे गेली. भिंतीपलीकडून घरातले उसासे येत होते. शेवटी शिकागोकडे दोन गुणांची आघाडी, घड्याळात काही सेकंद, आणि सगळं एका किकवर. चेंडू दोन खांबांमधून गेला तर तीन गुण. नाही गेला तर हंगाम संपला, आणि पत्र्याखालची जागा ऑर्लिनच्या हाताशी.

"बघा!" ऑर्लिन रिकाम्या गॅरेजला म्हणाला. "बोललो होतो की नाही? अक्षर न् अक्षर!"

किकर धावला. निवेदकाचा श्वास थांबला. चेंडू उडाला, वाऱ्याने त्याला डावीकडे ओढलं, तो डाव्या खांबावर आदळला, आणि आत पडला.

पुढचं ऑर्लिनला नीटसं आठवत नाही. भानावर आला तेव्हा त्याची दोन्ही कोपरं ट्रकच्या भोंग्यावर होती, भोंगा अखंड वाजत होता, कॉफी घोंगडीवर सांडली होती आणि तो स्वतः "जिंकलो! जिंकलो!" म्हणून ओरडत होता. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की तो हरला होता. भोंगा थांबला.

गॅरेजचं दार उघडलं. सगळ्यांत पुढे एल्डन, डोळ्यांत पाणी. "लेका, आम्हाला कळलंच नाही रे!"

"काय कळलं नाही?"

"तू मुद्दाम घेतलंस शिकागोचं नाव. स्वतःची जागा घालवलीस. गावासाठी!"

"मी काहीही मुद्दाम केलेलं नाही! माझा प्रामाणिक अंदाज होता तो. मी चुकलो! सरळ चुकलो!"

"बघा," मार्लिस सगळ्यांना म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "किती विनय आहे!"

सोमवारी ऑर्लिन कोठारापलीकडून लंगडत कारखान्यात आला तर लोक टाळ्या वाजवत उभे. थोराची टीम जिंकली होती. कोचची नोकरी वाचली आणि पहिली जागा थोराला मिळाली. तीच पुढे आली.

"मला माझी बहीण दारात सोडते," ती म्हणाली. "मला जागेचं काय करायचंय? तू घे, ऑर्लिन. फक्त एक अट आहे."

"कसली अट?"

वेंडेल घसा खाकरून म्हणाला, "शनिवारी आपला सामना डॅलसशी. तू इथे, फळ्यासमोर उभा राहून म्हणायचं, डॅलस जिंकेल. पुढे गेलो तर पुढच्या वेळी पुढची टीम. बस, एवढंच."

ऑर्लिनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "म्हणजे मी पनवती? सतरा आठवडे बरोबर सांगितलं त्याचं काय?"

"ते इतरांबद्दल. आपल्याबद्दल बोललास की उलटं होतं."

"तिसऱ्या आठवड्यात मी आपलीच टीम निवडली होती, आणि जिंकलो होतो आपण!"

"ते सप्टेंबरात," वेंडेल समजूत घालत म्हणाला. "सप्टेंबरात कुणीही जिंकतं."

"गेल्या आठवड्यात मला काय घडणार ते बोलू नको म्हणत होतात, आता जे घडणार नाही ते बोल म्हणताय! डॅलसचा मुख्य खेळाडू खांदा धरून बसलाय. आपण त्यांना धुऊन काढू, शेंबडं पोरही सांगेल. माझं मत विकाऊ नाही, प्लगसहितसुद्धा नाही!" असं म्हणून ऑर्लिन ताठ मानेने निघाला, आणि संध्याकाळी त्याच ताठ मानेने कोठारापलीकडे गेला. तिथे त्याचा ट्रक गारठून मेला होता. वेंडेलने आपल्या गाडीची बॅटरी जोडून तो उठवला, आणि वर काचेवरचं बर्फही खरवडून दिलं. ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लिसने त्याच्यासमोर अंडी ठेवली आणि स्वतः समोर बसली.

"इथे कुणी नाही," ती म्हणाली. "तू आणि मी. खरं सांग, शनिवारी कोण?"

ऑर्लिनने तोंड उघडलं. त्याच्याकडे सगळं तयार होतं. खांदा, बचाव, वारा नसलेलं बंदिस्त मैदान. ग्रीन बे, आणि तेही दणक्यात. त्याने मार्लिसकडे पाहिलं. तिच्या मागे खुंटीवर तिच्या बाबांची टोपी होती. तोंड तसंच उघडं राहिलं.

"डॅलस," तो म्हणाला.

"जागेसाठी म्हणतोयस?"

"जागा गेली खड्ड्यात." त्याने आवाज अगदी खाली आणला आणि टेबलाखाली हात नेऊन लाकडावर दोनदा टकटक केलं. "मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे. उगाच बोलून कशाला दाखवायचं?"

मार्लिसनेही आपल्या बाजूने लाकडावर टकटक केलं. मग उठून तिने वृद्धाश्रमात फोन लावला.

"हॅलो, आई?" ती म्हणाली. "हो, हो. म्हणाला एकदाचा."