बिनपंख्याचा डबा

व्यंकटकाका कुणाच्याही घरी गेले, की यजमानाला नमस्कार करण्याआधी त्याच्या फ्रिजच्या कुशीवर उलटा हात ठेवतात. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते तसा. बोटे मिटलेली, डोळे अर्धे झाकलेले. क्षणभराने निदान होते. “ताप हाय याला. भिंतीपासून वीतभर पुढं सरकवा, श्वास घेऊ द्या.” मग नमस्कार, मग चहा. लातूरच्या आमच्या गल्लीत काकांनी ज्याची नाडी पाहिली नाही असे यंत्र उरलेले नाही. पिठाची गिरणी, इन्व्हर्टर, नव्या सुनेचा मिक्सर, कोपऱ्यावरच्या रसवंतीची मोटार. एका लग्नात तर ते मांडवामागच्या जनरेटरवर हात ठेवून इतका वेळ तन्मयतेने उभे राहिले, की वधूपक्षाला ते वरपक्षाचे वाटले आणि वरपक्षाला जनरेटरवाल्याचे.

त्यांचे उभे आयुष्य दूरध्वनी केंद्रात गेले. रांगेने उभ्या कपाटांतून हजारो घरांची बोलणी टकटकत जायची, आणि काका त्या कपाटांमधून अनवाणी फिरायचे. तारेतल्या खरखरीवरून बिघाड ओळखणारा कान त्यांना तिथेच मिळाला, आणि पंख्याचा रागही तिथलाच. “ताई,” ते मला सांगतात, “डब्याला पंखा बसवला म्हणजे धातूवर आपला भरवसा न्हाई, असं कबूल केलं.” हे ते स्वतः छताच्या पंख्याखाली बसून सांगतात. विचारले, तर म्हणतात, “माणसाला चालतोय की पंखा. माणूस काय धातूचा हाय?”

मागच्या हिवाळ्यात या तत्त्वज्ञानाला एक निकडीचे काम मिळाले. काकांची थोरली बहीण, अक्का, देगलूरला एकटी राहते. यजमान गेले, तरी तिने घर सोडले नाही. तिच्याकडे फोन आहे. पण तो ती तांदळाच्या डब्याशेजारी ठेवते आणि मनात आले तरच उचलते. त्या हिवाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली. शेजारीण दही मागायला आली तेव्हा ते कळले. तोवर इकडे काका फोन लावत होते, आणि तिकडे तांदूळ तो ऐकत होते.

हाड मोडले नव्हते. पण काकांच्या आत काहीतरी हलले. त्यांनी ठरवले, की अक्काच्या घरी एक लहानसा संगणक बसवायचा, त्याला एक माइक जोडायचा, आणि त्या घराचा आवाज दिवसभर लातूरला ऐकत राहायचा. आवाज थांबला, तर उठून निघायचे. अक्काने होकार दिला, पण अट घातली. “तिकडून इकडं काई नको. तुझी बडबड मला न्हाई पाहिजे.”

हा संगणक म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पाटी. सगळे मेंदूकाम तिच्यावरच. ती सहज मिळाली. अडले ते तिच्या डब्यापाशी. पाटी तापते, आणि देगलूरचा उन्हाळा तर सावलीतही तापतो. बाजारातले बहुतेक डबे पोटात इवलासा पंखा घेऊन येतात. तो पंखा माइकच्या कानाशी घरघरला, तर अक्काचे घर ऐकू येणार कसे? म्हणून डबा हवा होता धातूचा, आणि मौनी.

गंजगोलाईच्या बाजारातल्या रहीमभाईंच्या भांड्यांच्या दुकानात हा शोध सुरू झाला तेव्हा मी तिथे कळशी बदलून घ्यायला गेले होते. काका डब्यांमागून डबे उलटे करून पाहत होते.

“काका, लोणचं घालायचंय का लाडू ठेवायचेत?” रहीमभाईंनी विचारले.

“संगणक ठेवायचाय.”

रहीमभाईंच्या तीन पिढ्या याच गादीवर बसलेल्या. गिऱ्हाइकाच्या कुठल्याही मागणीला दचकायचे नाही, ही त्यांची घरची शिकवण. ते शांतपणे म्हणाले, “मग पितळेचा घ्या. एकदम खानदानी. वर नाव टाकून देतो, संगणकाचं बी आन् तुमचं बी.”

काकांनी त्यांच्याच कपातला गरम चहा एका पितळी डब्यात ओतला आणि बाहेरून उलटा हात लावून डोळे मिटले. रहीमभाई आधी चहाकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिले.

“पितळ चांगलं हाय,” काका अखेर म्हणाले. “पण चहा धातूला चिकटून बसतो, पाटी बसत न्हाई. पाटी आन् डब्याच्या मधी हवा राहणार. हवा म्हणजे गोधडी हो! धातूला ताप भेटलाच पाहिजे, गळाभेट झाली पाहिजे. तेव्हा तो ताप अंगावर घेतो आन् वाऱ्याला देऊन टाकतो.”

“बजा फर्माया, खरं बोललात,” रहीमभाई म्हणाले. “पर मेरी चाय?”

नांदेड माझे माहेर. तिकडे निघाले, तर काका बसमध्ये आधीच बसलेले. त्यांची पाटी रुमालात बांधून छातीशी धरलेली. नांदेडच्या दुकानदाराने मोठ्या उत्साहाने पहिला डबा काढला. पारदर्शक, आत फिरता पंखा, आणि लाल, निळे, हिरवे दिवे एकामागून एक उजळणारे.

“याच्यात लग्न हाय का कुणाचं?” काकांनी विचारले.

दुसरा डबा पत्र्याचा होता. काकांनी त्यावर नख वाजवले, तो पोकळ, खोटा वाजला. त्यांनी तो परत केला. मग दुकानदाराने मागच्या फडताळातून तिसरा काढला. जाड ॲल्युमिनियमचा, राखी रंगाचा, पाठीवर फणीसारखे उभे दाते. आत एक बुटका खांब होता. तो नेमका पाटीच्या तापणाऱ्या काळ्या चौकोनावर उतरत होता, आणि दोघांच्या मध्ये राखाडी, मऊ चकतीचा थर होता. गळाभेट ती हीच. काकांनी डबा तळहातावर तोलला, गालाला लावला, मग माझ्यापुढे धरला. पहाटेच्या नळासारखा तो गार होता. त्याच्या दात्यांवरून बोट फिरवताना मला उगाच वाटले, की आता यातून सूर निघेल.

“गप राहतो ना हा?” काकांनी शेवटचे विचारले.

“काका, यात वाजायला काहीच नाही.”

“मग बांधा.” इतक्या मायेने काकांनी आजवर फक्त एकाच गोष्टीची तारीफ केली होती, आणि ती काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी. काकूंना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

धातूच्या पोटात बिनतारी संदेश गुदमरतात, म्हणून काकांनी तार घेतली आणि फाल्गुनात डबा देगलूरला बसवला. तेव्हापासून त्यांच्या पुढच्या खोलीत एक परकी, तरीही ओळखीची दुपार नांदू लागली. खराट्याची लांब ओढ, पारव्यांचे घुमणे, बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आधी उथळ आणि मग भरत जाणारा स्वर. अक्का कुणाशी तरी अर्धे मराठी, अर्धे तेलुगू भांडायची आणि काका हसायचे. “भाजीवाली आली. आता टमाटे परत करते बघा.” डबा खरेच मौनी होता. त्या मौनातून एक अख्खे घर चालत यायचे.

आणखी एक बदल माझ्या ध्यानात आला. काकू गेल्यापासून काका ओट्याशी उभ्यानेच जेवायचे, तेही आठवले तर. मी भाजी नेऊन दिली, तर संध्याकाळी वाटी तशीच झाकलेली सापडायची. आता ते वेळेवर पाट मांडून, ताट वाढून घेऊ लागले. मनातली काळजी मिटली म्हणून भूक परतली, असे मी समजले.

वैशाखात डबा आजारी पडला. सकाळी ठीक असे. उन्हे चढली की आवाज तुटू लागे, पारवे अडखळत घुमत, आणि भर दुपारी सगळे बंद. रात्री पुन्हा सुरू. काकांनी तारा तपासल्या, हिशेब पुन्हा मांडला. “धातूनं दगा दिला ताई,” ते म्हणाले. डबा निवडताना आपलाच हात चुकला, हे त्यांना सगळ्यात झोंबत होते. मग एका दिवशी आवाज बंद पडला तो सकाळी परत आलाच नाही. फोन वाजत राहिला. काकांना चपलेचा पट्टा लावता येईना. मी घराला कुलूप घातले आणि त्यांच्याबरोबर उदगीरमार्गे देगलूरच्या बसमध्ये बसले.

ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर त्यांचा हात आपसूक गेला. “ओ काका, काढा हात, शिजल!” ड्रायव्हर ओरडला. काकांनी हात मागे घेतला, पण निदान सांगितले नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

अक्का ओसरीवर चिंच फोडत बसली होती. बोटे चिंचेने तपकिरी झालेली, अंगणभर आंबट वास.

“काय रे व्यंकू, बिनसांगता? आन् ही पोरगी कोण?”

काका उंबऱ्यावर बसून राहिले. मग म्हणाले, “शेजारच्या ताई हायत. फोन का उचलत न्हाईस?”

“चिंचेच्या हातानं?”

आम्ही आत गेलो. त्या घरात उघडी वस्तू नव्हती. टीव्हीला झालरीचा बुरखा, मिक्सरला क्रोशाची टोपी, रेडिओला फुलांचा अंगरखा. आणि काळ्या दगडाच्या फडताळावर आमचा डबा, लाल मखमलीच्या गलेफात. आत कापूस, त्यावर गोधडीचे दुहेरी टाके, कडेने मणी, मागे नाड्यांची गाठ.

“धूळ बसून राहिली होती,” अक्का म्हणाली. “तुझी एवढी महागाची वस्तू, उघडी कशी ठेवू? पहिलं पातळ शिवलं होतं. मग ऊन वाढलं, म्हणून परवा कापूस घातला. ओलं फडकंच टाकणार होते, माठाला टाकतो तसं. पण म्हटलं करंट मारंल.”

मी काकांकडे पाहिले. गोधडी! गल्लीतल्या बायकांचे फ्रिज वीतभर पुढे ओढणारे, लग्नात जनरेटरची नाडी पाहणारे काका आता काय बोलतील? त्यांनी गलेफावर उलटा हात ठेवला. मग सुलटा केला, आणि टाक्यांवरून सावकाश फिरवला.

“लई बेस शिवलंस अक्का,” ते म्हणाले. “डबाच कमी पडला. माझीच निवड चुकली. दुसरा आणतो.”

आणि ते खरोखरच दुसऱ्या डब्याचा विचार करू लागले. असा डबा, जो मखमल पांघरूनही जगेल. फडताळाच्या काळ्या दगडावर त्यांनी हात टेकवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. “ताप वर कशाला सोडायचा? खाली सोडू. तळ जाड, सपाट पाहिजे, आन् पाटी उलटी टांगायची. एवढा दगड पडलाय पिढ्यान्पिढ्या गार. वरून अंगडं, खालून दगड!” तेवढ्यात जाड तांब्याचा पत्रा कुठे मिळतो ते विचारायला ते बाजारात निघूनही गेले.

अक्काने माझ्यापुढे चिंचेची टोपली सरकवली. “फोड. रिकामी कशाला बसतीस.”

थोड्या वेळाने तीच बोलली. “हा जेवतो का गं नीट?”

“आता जेवतात. वेळेवर.”

“हाव,” ती म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या लोखंडी खलबत्त्याकडे बोट केले. “आई ह्यात मसाला कुटायला लागली, की हा कुठूनबी पळत यायचा, जेवण झालं समजून. पाडव्याला आला तेव्हा बोलून गेला, ‘अक्का, त्या डब्यातनं तुझा खल वाजला की भूक लागते.’ आता मसाला कोण कुटतंय? तयार मिळतो. पण मी बसते दोन्ही वेळेला रिकामा खल घेऊन. हात भरून येतात.” तिने एक चिंचोका झटकला. “मला काय धाड भरलीय? पडले तर शेजारीण हाय. त्याचं तिकडं कोण हाय? म्हणून डबा ठेवून घेतला. त्याला सांगू नको हां.”

मी सांगितले नाही.

नवा डबा ज्येष्ठाच्या तोंडावर बसला. जाड बुडाचा, जडशीळ, दगडावर पोट टेकून, मखमल पांघरून. पुन्हा दुपारभर आवाज येऊ लागला. एकदा मी वाटीभर आमटी घेऊन काकांकडे गेले, तेव्हा देगलूरला पारवे गप्प झाले होते. मग बत्ता पडू लागला. ठाण्, ठाण्, सावकाश, म्हाताऱ्या मनगटाच्या लयीत. काकांनी पाट मांडला, ताट घेतले. मी ओठ घट्ट मिटून आमटी वाढली.

“ताई,” घास मोडताना ते म्हणाले, “खलात धने-मिरे असले की आवाज बसका येतो. हा खणखणीत हाय. खल रिकामा हाय.”

मी चपापले. “कधीपासून कळलं?”

“पाडवा झाल्यापासून.”

“मग त्यांना सांगितलं का नाही? हात दुखत असतील.”

काका आवाजाकडे कान देऊन बसले. “जातो दर महिन्याला, चेपून देतो हात. आन् सांगितलं, तर तिला वाटंल, आता त्या आवाजानं भूक लागत न्हाई, मी जेवत न्हाई.” त्यांनी ताटातला शेवटचा घास उचलला. “तिला बी कुणाला तरी जेवू घालायला पाहिजे ना.”

तिकडे बत्ता थांबेना. काकांनी टोपल्याचे झाकण काढले आणि आणखी एक भाकरी ताटात घेतली.