चाळीस पानी दाढदुखी

पोस्टमास्तरांच्या तोंडात कापसाचे दोन बोळे, एक छोटा आरसा आणि थुंकी ओढणारी नळी एवढा सरंजाम जमल्यावर दातांच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "सिनेमा बघितलात?"

"आँ," पोस्टमास्तर म्हणाले.

"भिकार आहे की नाही?"

"आँ."

"कादंबरीचं पार वाटोळं केलं."

"आँ, आँ," म्हणत पोस्टमास्तरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"वाटलंच मला," असं म्हणून डॉक्टरांनी समाधानानं यंत्र सुरू केलं.

हा संवाद त्या दवाखान्यात गेले तीन आठवडे चालू होता. फक्त खुर्चीतली दाढ बदलत होती. 'बाराव्या बुरुजाची राणी' ही आठशे पानांची अद्भुत कादंबरी गावातल्या सगळ्यांनी वाचली होती, निदान तसं सांगितलं तरी होतं. मग तिच्यावर सिनेमा निघाला आणि गावात तट पडले. पुस्तकवाले म्हणायचे, सिनेमावाल्यांना डोकं नाही. सिनेमावाले म्हणायचे, पुस्तकवाल्यांना डोळे नाहीत. तिसरा तट पुस्तक न वाचलेल्या आणि सिनेमाही न पाहिलेल्या लोकांचा होता. त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती, कारण त्यांच्या आड येईल अशी कसलीच माहिती त्यांच्यापाशी नव्हती.

डॉक्टरांचं दुःख मात्र व्यावसायिक होतं. कादंबरीच्या मध्यावर एक म्हातारा ड्रॅगन आहे. त्याला दातांच्या तीन रांगा असतात आणि मधल्या रांगेतली एक दाढ शंभर वर्षं ठणकत असते. त्या ठणक्यापायी तो गावंच्या गावं जाळत सुटतो. राणी त्याच्या जबड्यात उतरते, ती दाढ उपटते आणि ड्रॅगन लहान मुलासारखा तिच्या पायाशी झोपतो. हे दाढदुखीचं प्रकरण चाळीस पानांचं आहे. जगाच्या वाङ्मयात दाताला एवढा न्याय कुणी दिलेला नाही, असं डॉक्टरांचं प्रामाणिक मत होतं. सिनेमात ही चाळीसच्या चाळीस पानं गुल होती.

"राणी येते, तलवार उपसते आणि मुंडकं उडवते," ते प्रत्येक पेशंटला सांगत. "अहो, ज्याची दाढ दुखतेय त्याचं मुंडकं उडवणं हा काय उपचार झाला? पटतंय ना?"

"आँ," पेशंट म्हणे.

आणि काम संपलं, चूळ भरून झाली, पेशंटनं बोलायला तोंड उघडलं, की डॉक्टर बोट उचलत. "अर्धा तास बोलायचं नाही. हवा लागेल." एकवीस वर्षं त्यांचा हा नियम होता. पेशंट गाल धरून मुकाट्यानं जिना उतरायचा आणि त्याचं मतही त्याच्याबरोबर जिना उतरून जायचं.

त्यामुळे तीन आठवड्यांत डॉक्टरांना विरोध असा भेटलाच नाही. अख्खं गाव आपल्या बाजूचं आहे याची त्यांना खात्री पटली, आणि या खात्रीनं त्यांची मान थोडी ताठ झाली.

घरात दोन माणसं होती, ती मात्र या गावात मोडत नव्हती. एक त्यांची बायको. तिनं सिनेमा दोनदा पाहिला होता, दुसऱ्यांदा बहिणीला घेऊन, आणि मुंडकं उडतं तिथं दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या होत्या. दुसरा तिचा धाकटा भाऊ. तोही दातांचाच डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी शिकून आला आणि तेव्हापासून दवाखान्याच्या मागच्या खोलीत डॉक्टरांच्याच हाताखाली काम करत होता. त्यालाही सिनेमा आवडला होता, पण नोकरीही आवडत होती, म्हणून तो मत मागच्या खोलीतच ठेवायचा.

"एकशेसदतीस माणसांना विचारलं," डॉक्टर जेवताना म्हणाले. "एकानंही नाही म्हटलं नाही."

"तोंड उघडं ठेवून विचारता तुम्ही त्यांना," बायको म्हणाली.

"मग बंद ठेवून दात कसे बघू?"

"अहो, तोंडात नळी असलेला माणूस 'नाही' म्हणून दाखवू दे एकदा. आणि तुमच्या हातात सुई. सुई हातात असलेल्याशी वाद घालायला वेड लागलंय का कुणाला?"

"पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं," डॉक्टर ठासून म्हणाले. "पुस्तकावर प्रेम असावं तर असं."

"रूट कॅनाल होतं ना त्यांचं?" मेहुण्यानं विचारलं.

"त्याचा इथं काय संबंध?"

मेहुणा पुन्हा ताटात बघू लागला.

डॉक्टर गावच्या वाचक मंडळाचे अध्यक्ष होते. अकरा वर्षं. मंडळ वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायचं आणि तिथं अध्यक्षांसाठी उंच पाठीची, मखमली बैठकीची एक खुर्ची होती. दिवसभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवून स्वतः वाकून उभ्या राहणाऱ्या माणसाला अशा खुर्चीची किंमत काय असते, ते त्याचं त्यालाच ठाऊक. महिन्यातून एकदा डॉक्टर त्या मखमलीवर टेकत, तेव्हा त्यांची कंबर आणि मन दोन्ही सरळ होई.

याच मंडळात त्यांनी सिनेमाच्या निषेधाचा ठराव आणायचं ठरवलं. ग्रंथपाल बाई मंडळाच्या चिटणीस होत्या. त्यांनी विचारलं, "मतं पडतील का पण?"

"पडतील का? अहो, प्रत्येक सभासद माझा पेशंट आहे. ठराव पडला तर मी अध्यक्षपद सोडेन."

"असं नका बोलू. मला ते सभेच्या सूचनेत घालावं लागेल."

"घाला ना. ठळक घाला."

बाईंनी ठळक घातलं.

रविवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. एरवी मंडळाला पंधरा डोकी जमली तरी बाई खिडक्या उघडत. या वेळी जिन्यातही माणसं होती, कारण पुस्तकासाठी कुणी आलं नाही तरी राजीनाम्यासाठी लोक येतात. डॉक्टरांनी मखमलीवरून नजर फिरवली आणि त्यांना भरून आलं. समोर सगळी ओळखीची तोंडं होती. खरं तर त्यांना चेहरे फारसे लक्षात राहत नसत, पण प्रत्येकाच्या ओठांमागे काय आहे ते पाठ होतं. ती पुढे आलेली सुळ्यांची जोडी म्हणजे मुख्याध्यापिका. ती सोन्याची कॅप म्हणजे बँक मॅनेजर. खिडकीपाशी पोस्टमास्तर, खालची डावी दाढ.

डॉक्टर पाऊण तास बोलले. त्यातला अर्धा तास ड्रॅगनच्या जबड्यात गेला. मग चर्चा सुरू झाली.

"खरं सांगू का, मी पुस्तक सत्तराव्या पानावर सोडलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तोवर राणी अजून घोड्यावर बसतच होती."

"सिनेमात निदान शेवट कळतो," बँक मॅनेजर म्हणाले. "मी नातवाला घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, आजोबा, तुम्ही पुस्तकात काय बघितलंत?"

डॉक्टर चकित झाले. हीच सोन्याची कॅप दोन आठवड्यांपूर्वी खुर्चीत चार वेळा 'आँ' म्हणाली होती.

"पण तुम्ही तर त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुमचा गुडघा माझ्या बरगडीत होता, डॉक्टर."

हॉलमध्ये हशा पिकला. विजेच्या सामानाचा दुकानदार उठला. "मी पुस्तक वाचलेलं नाही, सिनेमाही पाहिलेला नाही. म्हणून मला तटस्थपणे बोलता येईल," असं म्हणून तो कुणापेक्षाही जास्त वेळ बोलला. त्याचं म्हणणं असं की, मुळात राणीच नको होती.

शेवटी ग्रंथपाल बाईंनी घसा खाकरला. "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

डॉक्टरांनी आपला हात वर केला आणि समोर पाहिलं. हॉलमध्ये तीन हात होते. एक पोस्टमास्तरांचा, रूट कॅनालची दुसरी बैठक बाकी. एक शिंप्याचा, कॅप अजून बसायची होती. आणि एक चष्मेवाल्याचा, त्याचे टाके परवा काढायचे होते.

"भाऊजी," मागून मेहुणा हळूच म्हणाला, "कामं अर्धी राहिलीत तेवढेच आहेत."

"विरुद्ध?" बाईंनी विचारलं.

विरुद्ध म्हटल्यावर हॉलमध्ये एकदम हातांचं कुंपण उगवल्यासारखं झालं. बायकोचा हात पहिला. मेहुण्यानंही हात वर केला, फक्त डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी दात आवळले. लोकांना ते आयुष्यभर हेच करू नका म्हणून सांगत आले होते. पण अकरा वर्षांची मखमल खालून सरकत असताना माणसाला स्वतःचा सल्ला आठवत नाही. कडकन आवाज झाला. बाईंना वाटलं, खुर्ची मोडली. खुर्ची शाबूत होती, डॉक्टरांची उजवी दाढ उभी चिरली होती.

रात्र त्यांनी गाल धरून काढली. गावं का जाळावीशी वाटतात ते त्यांना प्रथमच आतून कळलं. सकाळी ते स्वतःच्या दवाखान्यात स्वतःच्या खुर्चीत आडवे झाले, कारण दातांचा दुसरा दवाखाना गावात नव्हता. वर दिवा, त्याखाली मेहुण्याचं वाकलेलं तोंड. इथून वर पाहिल्यावर डॉक्टर एवढा मोठा दिसतो, हे त्यांना एकवीस वर्षांत माहीत नव्हतं.

बाहेर ग्रंथपाल बाई येऊन बसल्या होत्या. राजीनामा घ्यायला. बायकोनं त्यांच्या हातात चहा दिला आणि हवा खेळावी म्हणून मधलं दार अर्धं उघडं ठेवलं.

मेहुण्यानं कापसाचे बोळे भरले, नळी अडकवली. त्याचे हात स्थिर होते, पण आत तो घाबरलेला होता, आणि घाबरला की तो बोलायचा.

"भाऊजी, राग नाही ना आला?"

"आँ," डॉक्टर म्हणाले. याचा अर्थ 'तुझ्या बहिणीकडे बघून गप्प आहे' असा होता.

"सुटलो बुवा. मला वाटलं, तुम्ही मनाला लावून घ्याल. सिनेमा तसा वाईट नाही हो, नाही का?"

"आँ."

"आणि चाळीस पानं म्हणजे जरा जास्तच. दाढ काढायला एवढा वेळ लागला तर पेशंट थांबेल का?"

"आँऽ, आँ," डॉक्टर कळवळून म्हणाले. पंजा उचलून त्यांनी हवेत फिरवला.

"तेच म्हणतो मी," मेहुणा खूश होऊन म्हणाला. "मुंडकंच बरं."

बाहेर कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. दाढ सावरून, तात्पुरती भरून झाली. डॉक्टर ताडकन उठून बसले आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

मेहुण्यानं बोट उचललं. "अर्धा तास बोलायचं नाही, भाऊजी. हवा लागेल."

तेवढ्यात ग्रंथपाल बाई आत आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "सगळं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आपलं चुकलं हे कबूल करायला मन मोठं लागतं. असा अध्यक्ष आम्हाला परत कुठला मिळायचा? राजीनामा वगैरे काही नको. मी सभासदांना सांगते सगळं. उलट पुढच्या रविवारी सगळे मिळून सिनेमाला जाऊ, तुम्ही मधोमध बसा."

डॉक्टरांनी जोरात मान हलवली.

"मान नका हलवू," बायको म्हणाली. "ठणका लागेल."

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं. औषधं लिहायचा कागद पुढे ओढला. 'मला हे मान्य नाही,' एवढंच लिहायचं होतं. पण पेन कागदाला टेकलं आणि त्यांना मखमल आठवली, उंच पाठ आठवली, कमरेला मिळणारा तो आराम आठवला. पेन तसंच राहिलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, म्हणजे ते आत कुठंतरी जोरात चालू होतं. बाई जिना उतरून गेल्या. अर्धा तास सरला तेव्हा बातमी बाजारातून फिरून परत आली होती. डॉक्टरांना आता बोलता येत होतं. ते म्हणाले, "चहा मिळेल का?"

दुपारी पोस्टमास्तर आले, रूट कॅनालच्या दुसऱ्या बैठकीला. डॉक्टरांनी बोळे भरले, नळी लावली, आरसा आत घातला. सवयीनं ओठांवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला आणि फक्त विचारलं, "दुखतंय का?"

"आँ," पोस्टमास्तर म्हणाले.

डॉक्टर थबकले. या 'आँ'चा अर्थ काय असेल, असा प्रश्न त्यांना एकवीस वर्षांत पहिल्यांदाच पडला. त्यांनी नळी काढली, बोळे काढले. "काय म्हणालात?"

पोस्टमास्तरांनी जबडा दोनदा हलवून पाहिला. "दुखत नाही. मी म्हणत होतो, तुम्ही असं करायला नको होतं."

"कसं?"

"बाजारात ऐकलं मी. लोकांना वाटलं, मी दाढेपायी हात वर केला. डॉक्टर, मी ते पुस्तक सहा वेळा वाचलंय. दाढदुखीच्या प्रकरणाला दर वेळी रडतो. त्या दिवशी तुम्ही बोलत होतात तेव्हाही रडलो, तुम्हाला वाटलं असेल, सुई लागली. म्हटलं, चला, गावात आपल्यासारखा एक तरी माणूस आहे." ते उठून बसले. "खरं सांगा, तुम्हाला सिनेमा आवडला?"

मधलं दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावर ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. रविवारच्या तिकिटांची संख्या विचारायला त्या आल्या होत्या आणि चहा फुंकत होत्या.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, मग पोस्टमास्तरांकडे. त्यांनी त्यांना खांद्याला धरून हळूच मागे टेकवलं, कापसाचे दोन नवे बोळे घेतले आणि मायेनं म्हणाले, "तोंड उघडा."